एका विहिरीवर दोन मोटा

यंदा तुरीच्या राशी झाल्यानंतर औराद तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आमच्या स्टाफरूममध्ये आले. मुलगा बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांच्या हातात दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठी होती. म्हणाले, "सर, लेकराला लॅपटॉप घ्यायचा हाय. दुकानवाला म्हंतो दोन कोरचा नका घेऊ, दहा कोरचा घ्या. वीस हजार जास्त पडतेत. तुमी सांगा, दोन अन् दहात येवढा फरक हाय का?"

मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याला दहाच हवे होते, हे न सांगता कळत होते.

त्यांना मी काय सांगितले ते पुढे येईलच. परंतु ते दोघे गेल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. कारण वीस वर्षांपूर्वी जवळजवळ हाच प्रश्न आमच्या महाविद्यालयाने मला विचारला होता आणि त्या वेळी मी चुकीचे उत्तर दिले होते. चुकीचे, आणि तेही मोठ्या ठामपणाने.

२००६ च्या आरंभीची गोष्ट. संगणक विभागाला एक अनुदान मिळाले होते. खरेदी समितीपुढे दोन दरपत्रके आली. एकात दोन स्वतंत्र प्रोसेसर बसवलेला एक भारदस्त सर्व्हर होता. दुसऱ्यात त्याच पैशांत चार साधी टेबलावरची यंत्रे होती, मात्र प्रत्येकात तेव्हा नव्यानेच निघालेला ड्युअल-कोर प्रोसेसर. समितीत संगणकाचा जाणकार म्हणून मीच. मी म्हणालो, "एका चिपमध्ये दोन कोर ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. दोन भावांना एका खोलीत कोंबले म्हणून घर मोठे होत नाही. खरे दोन म्हणजे वेगळे दोन." वाक्य समितीला आवडले. सर्व्हर आला.

तो चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. वीज गेली की यूपीएस काही मिनिटांतच माना टाकायचा, आणि वीज जाण्याची आपल्याकडची तऱ्हा मी वाचकांना सांगायला नको. मुलांचे सी भाषेतील प्रोग्रॅम त्यावर चालवून पाहिले, तर ते शेजारच्या एका प्रोसेसरच्या यंत्रावर जेवढ्या वेळात चालत तेवढ्याच वेळात चालले. दुसरा प्रोसेसर बसून होता. पुढे अनेक वर्षे तो बसूनच होता. विजेचा पगार मात्र पूर्ण घेत होता. पुढच्या वर्षी प्राचार्यांच्या कार्यालयासाठी घेतलेल्या एका साध्या कोअर टू ड्युओ यंत्राने त्या सर्व्हरला सहज मागे टाकले, आणि त्याची किंमत सर्व्हरच्या एक तृतीयांशही नव्हती. कोणी मला काही बोलले नाही. आपल्याकडे प्राध्यापकांना तोंडावर बोलण्याची पद्धत नाही.

माझे काय चुकले, हे समजून घ्यायला मला जो वेळ लागला तो आमच्या विद्यार्थ्यांना लागू नये, म्हणून हा लेख.

कला शाखेच्या वाचकांसाठी आधी थोडे सांगतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणित करणारा, आज्ञा पाळणारा भाग. पूर्वी एका चिपमध्ये तो एकच असे. वेग वाढवायचा तर त्याचे ठोके वाढवायचे, हा सरळ मार्ग होता. तो मार्ग २००४ साली भिंतीला जाऊन थटला. इंटेलचा पेंटियम ४ त्या वर्षी ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला प्रोसेसर कंपनीने त्याच वर्षी रद्द केला, आणि त्यापुढची 'तेजस' नावाची आवृत्तीही रद्द केली. कारण एकच : उष्णता. ठोके वाढवावेत तशी चिप तापत होती आणि ते तापणे वाढलेल्या वेगाच्या मानाने फार जास्त होते. शिवाय इंटेलच्याच फ्रेड पोलॅक यांनी एक व्यवहारी नियम सांगून ठेवला होता की, एकाच प्रोसेसरात दुप्पट ट्रान्झिस्टर ओतले तरी त्याची कामगिरी दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होते. मग तेवढ्याच ट्रान्झिस्टरांत दोन बेताचे प्रोसेसर शेजारी शेजारी का बसवू नयेत? हेच ते दोन 'कोर'. आय.बी.एम.ने मोठ्या यंत्रांसाठी हे २००१ मध्येच पॉवर ४ या चिपमध्ये केले होते. २००५ च्या उन्हाळ्यात ए.एम.डी. आणि इंटेल या दोघांनीही ते टेबलावरच्या यंत्रांत आणले.

दोन स्वतंत्र प्रोसेसरांची यंत्रे त्याआधीही होतीच. १९८२ चा क्रे एक्स-एमपी हा महासंगणक म्हणजे एकाच मेमरीवर चालणारे दोन प्रोसेसर. घरगुती बाजारातही १९९९ मध्ये अबिट कंपनीचा बीपी ६ हा मदरबोर्ड आला होता. त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर बसवून हौशी लोक मिशीला पीळ देत. तेव्हा 'एकात दोन' की 'वेगळे दोन' हा वाद काही माझ्या समितीने काढलेला नव्हता.

आता मुख्य मुद्दा. हा वाद आपण नेहमी प्रोसेसरांची संख्या मोजून करतो. मोजायला हवी ती विहीर.

आमच्या आजोबांच्या पिढीने मोट पाहिली होती. प्रोसेसर म्हणजे मोट समजा आणि मेमरी म्हणजे विहीर. बैल धावेवरून खाली जातात, मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडते, तेथून पाटाने मळ्यात. आता एका विहिरीवर दोन धावा बांधल्या आणि दोन मोटा लावल्या, तर पाणी दुप्पट येईल का? झरा मोठा असेल तर येईल. झरा बारीक असेल तर दुसऱ्या मोटेचे बैल उभे राहतील, आणि उभ्या बैलांनाही वैरण लागतेच. ड्युअल-कोर म्हणजे एका विहिरीवरच्या दोन मोटा. दोन स्वतंत्र प्रोसेसर म्हणजे दोन विहिरी, असे मी २००६ साली धरून चाललो होतो. येथेच माझा घात झाला.

कारण त्या काळच्या झिऑन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये दोन्ही प्रोसेसर एकाच सामाईक बसवर बसलेले असत. म्हणजे चिपा दोन, पंखे दोन, किंमत दोघांची. विहीर मात्र एकच, आणि तिच्यात उतरायची पायवाटही एकच. वेगळे राहण्याचा खर्च पूर्ण, वेगळे राहण्याचा लाभ शून्य. गावातल्या एखाद्या वाटणी झालेल्या घराची आठवण व्हावी असा हा कारभार.

याउलट ए.एम.डी.च्या ऑप्टेरॉनमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी असे. दोन प्रोसेसर घेतले तर खरोखरच दोन विहिरी मिळत आणि त्यांच्यामध्ये एक वेगवान पाट. आपल्या विहिरीचे पाणी झटकन मिळे. शेजारच्या विहिरीचे हवे असेल तर पाटाने यायचे, म्हणून जरा उशीर. ज्या कामात दोघांना आपापल्या विहिरीपुरते पाणी पुरते, तेथे असे वेगळे दोन प्रोसेसर एका चिपमधल्या दोन कोरांना सहज मागे टाकत. मोठमोठ्या तक्त्यांवरची गणिते, हवामानाचे नमुने, अनेक लोकांना एकाच वेळी सेवा देणारी माहितीभांडारे यांत हा फरक दिसतो. आजही मोठ्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर बसवतात ते याच कारणासाठी : अधिक विहिरी हव्यात म्हणून.

म्हणजे मी सर्वस्वी चुकलो होतो असे नाही. तत्त्व बरोबर, यंत्र चुकीचे आणि काम त्याहून चुकीचे. मुलांचे फॅक्टोरियल आणि मॅट्रिक्सचे प्रोग्रॅम चालवायला दोन विहिरी कशाला हव्यात?

एका चिपमधल्या दोघांनाही सरसकट शाबासकी देता येणार नाही. इंटेलचा पहिला पेंटियम डी पाहा. २००५ सालच्या या चिपवर दोन कोर होते, पण त्यांच्यात आतून बोलण्याची सोयच नव्हती. एकाला दुसऱ्याकडची ताजी माहिती हवी असेल तर ती चिपबाहेरच्या बसवरून फिरून यायची. भिंतीपलीकडच्या भावाशी बोलायला चावडीवर जावे तसे. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तर दोन वेगळे तुकडे एकाच आवरणात बसवलेले होते. त्या मानाने ए.एम.डी.च्या ॲथलॉन ६४ एक्स-२ मध्ये दोन कोरांची गाठ चिपच्या आतच पडे. इंटेलने २००६ च्या जानेवारीत कोअर ड्युओ आणि जुलैत कोअर टू ड्युओ आणला, त्यात दोघांना मिळून एक सामाईक कॅशे मेमरी दिली. कॅशे म्हणजे विहिरीवर दर वेळी जावे लागू नये म्हणून घरातच भरून ठेवलेला रांजण. दोन्ही भाऊ त्याच रांजणातून पाणी घेऊ लागले आणि एकदम फरक पडला. पेंटियम डी मालिकेतील तापट यंत्रे १३० वॅटपर्यंत जात. कोअर टू ड्युओची टेबलावरची नेहमीची मॉडेले ६५ वॅटची होती आणि कामाला त्यांच्याहून सरस. आमच्या प्राचार्यांच्या कार्यालयातील यंत्र याच जातीचे होते.

अंतराची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात प्रकाशही १० सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, आणि तारेतली विद्युत्-लहर त्याहून मंद. एका चिपमधले दोन कोर काही मिलिमीटरवर असतात. मदरबोर्डावरचे दोन प्रोसेसर वीतभर अंतरावर. आपल्याला वीत म्हणजे काहीच नाही, पण ठोक्यांच्या हिशेबात ते बीदर आणि कलबुर्गी. त्या दोन गावांमध्ये २०१७ मध्ये ११० किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला म्हणून प्रवास सुकर झाला हे खरे. तरी एका खोलीत बसून बोलणे ते एका खोलीत बसून बोलणे.

किमतीबद्दल लांबण लावत नाही. दोन स्वतंत्र प्रोसेसर म्हटले की मोठा मदरबोर्ड, दोन पंखे, जड पॉवर सप्लाय आणि सर्व्हरच्या जातीचे महाग भाग. त्या काळी विंडोज एक्सपीची घरगुती आवृत्ती दुसरा स्वतंत्र प्रोसेसर ओळखतच नसे. त्यासाठी महागडी प्रोफेशनल आवृत्ती घ्यावी लागे. एका चिपमध्ये दोन कोर असले तर मात्र ती बिनतक्रार दोन्ही वापरी, कारण मायक्रोसॉफ्टने चिपा मोजायच्या, कोर नाही, असे ठरवले होते. आमच्या समितीत हे कोणालाच ठाऊक नव्हते. जाणकारालाही नाही.

आता त्या बसून राहिलेल्या दुसऱ्या प्रोसेसरकडे वळू. तो बसला होता याचे कारण यंत्रात नव्हते. ते आमच्या शिकवण्यात होते.

आपल्या या वार्षिक अंकाचेच उदाहरण घ्या. मराठी विभाग आणि कन्नड विभाग असे दोन विभाग, दोन संपादक. मराठीची मुद्रिते तपासली जात असताना कन्नडचीही तपासली जाऊ शकतात. दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. परंतु प्राचार्यांचे मनोगत एकच, अनुक्रमणिका एकच, जाहिराती एकच, छपाई आणि बांधणी एकच. समजा अंकाच्या एकूण कामापैकी ४० टक्के असे सामाईक आहे आणि ६० टक्के वाटून घेता येते. एका संपादकाला १०० दिवस लागत असतील, तर दोघांना ४० अधिक ३० म्हणजे ७० दिवस लागतील. संपादक दुप्पट, वेग जेमतेम १.४३ पट. तिसरा आणला, चौथा आणला, शंभर आणले, तरी ४० दिवसांच्या खाली अंक निघणार नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हाच तो नियम. त्याला चिपच्या आत-बाहेरचे काही देणेघेणे नाही. काम वाटलेच नसेल तर एका चिपमधले दोन आणि वेगळे दोन सारखेच निरुपयोगी.

आणि वाटणी आपोआप होत नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने करायची असते. दोन कोर एकाच मेमरीत काम करत असतील तर एक निराळेच दुखणे उद्भवते. दोघांनी एकाच वेळी एकच आकडा वाचला, दोघांनी त्यात एक मिळवला, दोघांनी परत लिहिला. दोन वाढायला हवे होते, वाढले एक. एकाच वहीवर दोन कारकून बसवले की जे होते तेच. मग वहीला कुलूप लावावे लागते : एक लिहीत असताना दुसऱ्याने थांबायचे. कुलूप फार वेळा लावले तर दोघे मिळून एकट्यापेक्षाही सावकाश चालतात. स्वतंत्र मेमरी असलेल्या यंत्रांत वही वेगळी, म्हणून हे भांडण नाही. तेथे एकमेकांना निरोप पाठवावे लागतात आणि निरोपाचा वेळ मोजावा लागतो. म्हणजे एकत्र राहणाऱ्यांचे दुःख भांडणाचे आणि वेगळे राहणाऱ्यांचे दुःख टपालाचे. संगणकशास्त्राचा अर्धा पसारा या दोन दुःखांवरील उतारा शोधण्यात गेला आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'परम ८०००' उभा केला, तो या दुसऱ्या वाटेने. भारताला अमेरिकेकडून हवे तसे महासंगणक मिळत नव्हते. १९८० च्या दशकाच्या शेवटी हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला जो क्रे एक्स-एमपी मिळाला तो एका प्रोसेसरचा. तेव्हा एक प्रचंड प्रोसेसर हाती नाही तर अनेक लहान घ्यावेत आणि त्यांना निरोप पाठवायला शिकवावे, असा विचार झाला. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा घेतल्या. प्रत्येकीला चार दुवे, प्रत्येकीला आपली मेमरी. असे ६४ जोडून परम झाला. त्यातील एकेक चिप दिपवून टाकणारी नव्हती. कसब होते ते काम वाटण्यात.

आणि 'एकात दोन की वेगळे दोन' या वादाचा निकाल पाहायचा असेल तर पुण्याचाच 'एका' पाहावा. टाटांच्या सी.आर.एल.मध्ये उभारलेला हा महासंगणक २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जगाच्या यादीत चौथा आला, ११७.९ टेराफ्लॉप्स. त्यात एका चिपमध्ये चार कोर, एका बोर्डावर अशा दोन चिपा आणि असे सुमारे अठराशे बोर्ड जाळ्याने जोडलेले, मिळून चौदा हजारांहून अधिक कोर होते. म्हणजे ज्यांना खरोखर मोठे काम करायचे होते त्यांनी वाद घातलाच नाही. जवळचे बोलणे चिपच्या आत, त्याहून थोडे लांबचे शेजारच्या चिपशी, दूरचे जाळ्यातून. आजची चिपसुद्धा तशीच झाली आहे. ए.एम.डी.च्या २०१७ पासूनच्या एपिक प्रोसेसरांत एका आवरणाखाली अनेक तुकडे असतात. त्यास एक म्हणावे की अनेक, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता त्या शेतकऱ्यांच्या चिठ्ठीकडे. तिच्यावरचा 'दहा कोर' म्हणजे इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय-५ १२३५-यू होता. त्यात मोठे कोर दोनच. उरलेले आठ लहान, वीज वाचवणारे. शिवाय त्या दोन मोठ्यांत हायपर-थ्रेडिंग. ही सोय २००२ मध्ये पेंटियम ४ बरोबर टेबलावरच्या यंत्रांत आली होती. ज्यांच्या घरी अजून मातीची चूल असेल त्यांना ती लगेच समजेल : चुलीला जोडून वैल असतो ना, तसे. जाळ एकच, पण चुलीवर भाकरी होईपर्यंत वैलावर आमटी ऊन राहते. उपयोगी खराच, पण वैलाला दुसरी चूल म्हणून विकणे बरे नव्हे. यंत्रावर बारा आकडे दिसतात ते असे.

मी त्यांना म्हणालो, "काका, दोन कोरचा घेऊ नका, आता तो कमी पडेल. दहाचाही आग्रह नको. सहा कोरचा मधला बघा, आणि उरलेल्या पैशांत मेमरी ८ ची १६ करून घ्या. एस.एस.डी. आहे ना तेवढे विचारा." मुलगा थोडा हिरमुसला. मी त्याला विचारले, "तू आजवर लिहिलेल्या प्रोग्रॅमपैकी एका तरी प्रोग्रॅमने दुसरा कोर वापरला आहे का रे?" तो म्हणाला, "माहीत नाही सर. आम्हाला ते शिकवलं नाही."

हे उत्तर मला झोंबले, कारण त्याला प्रोग्रॅमिंग मीच शिकवतो. त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्येही आठ कोर आहेत, आणि वर्गात आम्ही अजून एकच बैल धावेवरून वर-खाली करतो आहोत.

म्हणून माझे एक मागणे आहे आणि ते सहकारी प्राध्यापकांपुढे मांडतो. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जुनी कोअर टू ड्युओ यंत्रे रचून ठेवली आहेत. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे संरक्षण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संपले आणि विंडोज ११ या यंत्रांना दारात उभे करत नाही, म्हणून ती आता निर्लेखन समितीपुढे जायची आहेत. भंगारवाला वजनावर नेईल. माझे म्हणणे आहे की त्यांतील आठ यंत्रे ठेवावीत. त्यांवर लिनक्स चालते. डेबियन तर आजही चालते. ती एका स्विचला जोडली की विद्यार्थ्यांपुढे दोन्ही गोष्टी एकदम येतात : प्रत्येक यंत्रात एका विहिरीवरच्या दोन मोटा, आणि यंत्रायंत्रांत वेगळ्या विहिरी व मधला पाट. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या ४८६ यंत्रांना इथरनेटने जोडून 'बेओवुल्फ' केला, तो काही निराळा नव्हता.

या मागण्यावर आक्षेप आहेत. विभागातील एका तरुण सहकाऱ्यांनी सांगितले की, आजचा एक बरा प्रोसेसर या आठही यंत्रांच्या एकत्रित कामापेक्षा जास्त काम करील आणि वीज फार कमी खाईल. हे खरे आहे. मी ते नाकारत नाही. काम उरकायचे असेल तर नवा घ्यावा. पण नव्या यंत्रात सगळे इतके जवळ आणि इतके झाकलेले असते की, निरोपाला वेळ लागतो हे विद्यार्थ्याला दिसतच नाही. जुन्या यंत्राची वायर काढली की अर्धे काम थांबते, आणि का थांबले ते त्याला सांगावे लागत नाही. दुसरा आक्षेप, हे अभ्यासक्रमात नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आपल्या हाती नाही, शनिवारची दुपार आहे. तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवला नाही, पण मला ऐकू येतो : २००६ साली याच गृहस्थांनी खरेदी समितीला काय सांगितले होते? त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. एवढेच सांगतो की, या वेळी मी कोणाला काही विकत घ्या म्हणत नाही.

गेल्या पंधरवड्यात तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन दोन यंत्रे चालू केली. चौघांपैकी दोघे भालकीकडचे मराठी बोलणारे, एक आळंदचा आणि एक हुमनाबादचा, हे दोघे कन्नड बोलणारे. आपसांत सगळे दखनीत भांडतात. एका मोठ्या यादीची बेरीज एका कोरावर केली, मग दोन कोरांवर. वेळ जवळजवळ अर्ध्यावर आला तेव्हा ओरडले. मग तीच बेरीज प्रत्येक पावलाला कुलूप लावून केली, ती एकट्या कोराहूनही रेंगाळली. तेव्हा गप्प झाले. मग दोन वेगळ्या यंत्रांत वाटून केली. पहिल्या खेपेस उत्तरच आले नाही, कारण एक यंत्र दुसऱ्याच्या निरोपाची वाट पाहत होते आणि दुसरे पहिल्याच्या. हुमनाबादच्या मुलाला ते आधी कळले. मी सांगण्याआधी.

निर्लेखन समितीची बैठक पुढील महिन्यात आहे. तोपर्यंत मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. आठ पोर्टांचा स्विच मिळाला आहे, वायरी सहा आहेत, दोन कमी पडतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी अडीचनंतर यावे. यंत्रांतली धूळ फार आहे, तेव्हा जुने कपडे घालून यावे.